पुलियावरचा थांबा

माणूस एकटा राहायला लागला की लोक त्याला कामं सांगतात. रिकामा आहे, त्याचंही मन रमेल, असा त्यामागे परोपकार असतो. रत्नाकरनं मला दीडशे शब्द सांगितले.

रत्नाकर आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाचा सचिव. गणपतीत मंडळाची स्मरणिका निघते. तिच्यात त्या वर्षात गेलेल्या सभासदांचं एक पान असतं, वर फोटो आणि खाली दीडशे शब्द. बाकीच्या पानांवर जिवंत सभासदांच्या दुकानांच्या जाहिराती. "वहिनींचं तूच लिही," तो म्हणाला. "जन्मभर लिहूनच तर राहिला तू. आणि थोडं सामाजिक कार्य टाक. मागच्या वर्षी सातच्या सात बाया मनमिळाऊ निघाल्या. प्रेसवाला हसत होता."

लिहिण्याचं म्हणाल तर त्याचं खरं आहे. छत्तीस वर्षं फॅक्टरीत टर्नर होतो, शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच संपलं, पण सरकारला आणि संपादकांना मी तीनशेच्या वर पत्रं लिहिली. नाली तुंबली, पत्र. लाउडस्पीकर वाजला, पत्र. कोणाच्या बापाला भ्यालो नाही. कोणी उत्तरही दिलं नाही, ते सोडा. एक उत्तर मात्र आलं होतं, ते बैठकीत फ्रेम करून लावलेलं आहे. "आपके सुझाव पर विचार कर पुलिया का बस-स्टॉप समाप्त किया जाता है." सन ब्याण्णव.

झालं असं होतं की आमची बस घर ते फॅक्टरी सरळ जायची. मग पंच्याऐंशी साली कोणाच्या तरी डोक्यातून मधेच पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलावर, थांबा निघाला. तिथे बाया गाठोडी घेऊन चढत, गाठोडी घेऊन उतरत, गाठोडं अडकलं की कंडक्टरशी भांडत, आणि इकडे फॅक्टरीचं गेट सातच्या ठोक्याला बंद. हजेरीत माझ्या नावापुढे लाल रेघ. सहा वर्षं मी लढलो. अकरा पत्रं. शेवटी सरकार माझ्यापुढे झुकलं, आयुष्यात एकदाच. पद्मजा, म्हणजे माझी बायको, दर दिवाळीला ती फ्रेम उतरवून आधी ओल्या फडक्यानं पुसायची, मग कोरड्या. मी बाजूला उभा राहून सांगायचो, काचेवर ओरखडे नको पाडू.

तर असा मी लेखक दीडशे शब्द लिहायला बसलो आणि अकरा शब्दांवर संपलो. स्वयंपाक उत्तम करायची. शिवण शिकायला जायची. पीयूष हा एकुलता एक मुलगा. बावन्न वर्षांच्या संसाराचं हे एवढंच निघालं. तेही शिवणाचं वाक्य लिहिताना लाज वाटली, कारण बाई बारा वर्षं शिवण शिकत होती. मी चारचौघांत म्हणत असे, एवढ्या वर्षांत मी लेथवर हत्ती कातला असता.

शेजारच्या क्षमाला विचारलं. तिचं बालपण फॅक्टरीच्या क्वार्टरांच्या आमच्याच लाइनीतलं, तिला बायकांच्या गोष्टी ठाऊक. ती म्हणाली, "काकूंचं विधानसभेतलं टाका नं."

मी म्हटलं, माझी बायको आमदार कधी झाली.

तसं नाही, ती म्हणाली. चौऱ्याऐंशीत भोपाळहून विधानसभेची एक समिती आली होती, याचिका समिती. लोकांच्या अर्जांवर साक्षी घ्यायला. काकू उभ्या राहून बोलल्या होत्या आणि एक बाबू सगळं लिहून घेत होता, अक्षरन् अक्षर. कशाबद्दल बोलली, असं विचारल्यावर क्षमा बैठकीतल्या भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी लहान होते काका. नाही आठवत." आणि कुकर लावायचा आहे म्हणून निघून गेली. सकाळी साडेदहाला.

बायको विधानसभेपुढे बोलली आणि मला पत्ता नाही. पहिल्यांदा रागच आला. राग आला की मला बरं वाटतं, घरात कोणीतरी असल्यासारखं वाटतं. हैदराबादला पीयूषला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, ऑनलाइन असेल ना. मी बघून घेतो, वीकेंडला." त्याचा वीकेंड मला ठाऊक आहे. पद्मजाच्या फोटोला चांगली फ्रेम तो गेल्या वर्षीच्या वीकेंडला पाठवणार होता.

राइट टाउनच्या बाजूला एक जुनं ग्रंथालय आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं बरी आहेत. चौकशी करता कळलं की समित्यांचे जुने वृत्तांत तिथे आहेत, पण कागदावर नाहीत. कागद वाळवीनं खाल्ले. त्याआधी कोणत्या तरी योजनेत त्यांचे फोटो काढून ठेवले होते, मायक्रोफिश म्हणतात त्याला. पोस्टकार्डाएवढी पारदर्शक फिल्म, तिच्यावर साठ-साठ पानं, एकेक पान नखाएवढं. ती यंत्रात घालायची, खाली बल्ब, वर भिंग, समोर पडदा. सरकारनं एवढं बारीक करून ठेवलेलं काही मी प्रथमच पाहत होतो. एरवी ते मोठं करून सांगतात.

हे सगळं अमिताजींच्या ताब्यात. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर, खुर्चीवर उशी. त्यांनी फॉर्म दिला. त्यात रकाना होता, 'शोध का उद्देश्य'. मी लिहिलं, पत्नी. अमिताजींनी फॉर्म वाचला, चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचला. म्हणाल्या, उमाळेजी, इथे विषय लिहायचा असतो. मी म्हटलं, हाच विषय आहे. त्या म्हणाल्या, आणि खाली शोध-निर्देशकाची सही लागते, त्याशिवाय फिल्म कपाटाबाहेर निघत नाही.

शहात्तराव्या वर्षी मी गाइड शोधायला निघालो. आमच्या वरच्या मजल्यावर चंद्रशेखर राहतात, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी सही दिली, शिक्काही मारला. पण निवृत्त प्राध्यापकाला विद्यार्थी मिळाला की काय होतं याची मला कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात भेटले की प्रगती विचारायला लागले. गृहीतक काय, म्हणाले. मी म्हटलं, बायको बोलली होती. ते म्हणाले, हे गृहीतक नाही, हे विधान आहे, शुक्रवारपर्यंत दोन पानांचा सारांश आणून दाखवा. मी तीन शुक्रवार मागच्या दारानं बाहेर पडलो.

फॉर्म मंजूर झाला तर यंत्राचा बल्ब उडालेला. नऊ वर्षांपूर्वी उडाला होता. मागणीपत्र वर गेलेलं होतं आणि अजून वरच होतं. मी म्हटलं, मी आणतो. अमिताजी म्हणाल्या, बाहेरचा बल्ब लावता येत नाही, आणि मग हळूच म्हणाल्या की जेवणाच्या सुट्टीत आपण खोलीत नसतो. ओमतीच्या बाजारात सहा दुकानं फिरलो. पाच जणांनी एलईडी घ्या म्हणून उपदेश केला. सहाव्यानं जुन्या प्रोजेक्टरचा बल्ब काढून दिला, आणि विचारलं, सिनेमा दाखवताय का काका, कोणाला दाखवताय. बल्ब बसेना, बूड सैल. पत्र्याचं कडं कापून मी घरी घासत बसलो, चार तास. हाताला अजून अर्ध्या मिलिमीटरचा अंदाज आहे. कोणाला दाखवावं म्हणून वर बघितलं आणि मग आठवलं की घरात कोणी नाही.

यंत्र लागलं. पडद्यावर अक्षरं आली, स्वच्छ, पण उलटी. डोकं खाली, पाय वर. मी समजलो, जुनी पद्धत असेल. दोन दिवस मी मान खांद्यावर टाकून सरकारी हिंदी उलटी वाचली. बीनाची नाली, पनागरच्या भाजीबाजाराची जागा, कुठलासा कोंडवाडा. तिसऱ्या दिवशी मान वळेना. खोली झाडायला येणारी बाई बराच वेळ झाडूवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "दादा, वो कारड पलटा के डालो न." तेवढं बोलून ती झाडू मारत पुढे गेली. छत्तीस वर्षं यंत्रावर काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. मी तिला म्हटलं, मुद्दाम तसं ठेवलं होतं.

त्यानंतर काम सुरळीत चाललं, म्हणजे काही सापडलं नाही. जबलपूरच्या बैठकीत तेवीस साक्षीदार होते. यादीत उमाळे नाही. पद्मजा नाही. मी 'उ' पाहिला, 'प' पाहिला, माझ्या, रामरावच्या, नावावर असेल म्हणून 'र' पाहिला. यादी चार वेळा वाचली. क्षमाला सांगितलं तर ती म्हणाली, नीट बघा काका, आणि पुन्हा तिचा कुकर. रत्नाकरचा फोन आला, प्रेस थांबली आहे, नसेल सापडत तर स्वयंपाकावरच वाढव, पुरणपोळीवर तीस शब्द सहज होतील.

एक गोष्ट कबूल करतो. नाव सापडत नव्हतं याचं मला तितकं दुःख नव्हतं. रोज अकराला मी खोलीत शिरलो की अमिताजी मान वर न करता म्हणत, "आ गए?" बस्स, एवढंच. दहा महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. नाव सापडलं असतं तर दुसऱ्या दिवशी अकराला कुठे जायचं होतं? म्हणून मी ठरवलं की यादीवर विश्वास ठेवायचा नाही, तेवीसच्या तेवीस साक्षी वाचायच्या. सरकारी याद्यांवर माझा तसाही विश्वास नाही.

नळवाले सहा जण झाले. नालीवाले चार. कोंडवाड्यावर एका गृहस्थानं आपल्या म्हशीचा स्वभाव दोन पानं सांगितला होता, तो मी आवडीनं वाचला. मग चौदावी साक्ष आली. श्रीमती इंदुबाई, सिलाई शिक्षिका. पति का नाम – साक्षी ने नहीं लिया.

त्या काळी बाया नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यात नवल नव्हतं. पण शिवणाची शिक्षिका म्हटल्यावर मी सरसावून बसलो. म्हणजे पद्मजा जिच्याकडे बारा वर्षं शिकली ती ही बाई. मी अमिताजींना सांगितलं, माग लागला, गुरू सापडली, आता शिष्याही सापडेल. त्यांनी चहा मागवला. मी मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो, त्यांनाही विरंगुळा.

बाई सांगत होती की पुलियामागच्या वस्तीत सिलाई केंद्र आहे, सतरा मुली आहेत. बस तिथून जाते पण थांबत नाही. एक किलोमीटर पुढे उतरून, कापडाची गाठोडी घेऊन, फॅक्टरीच्या भिंतीच्या कडेनं मागे चालत यावं लागतं. उन्हाळ्यात दोन मुली चक्कर येऊन पडल्या, आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांचं केंद्रात येणं बंद केलं. पुलियावर बस अर्धा मिनिट थांबली तर मुली येतील.

पुलियाचा थांबा. म्हणजे तो हिच्या डोक्यातून निघाला होता. मी वाचता वाचता थांबलो, पण रागावलो नाही हे नमूद करतो. सतरा मुली आणि ऊन हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अकरा पत्रं लिहिताना मी विचारलंही नव्हतं.

अध्यक्षांनी विचारलं होतं की अर्जावर पतीची सही का नाही. मी पुढचं वाचलं.

"उनसे पूछा नहीं. वो पहले ना कहते हैं, फिर सुनते हैं. इतना समय नहीं था."

अमिताजी हसल्या. मीही हसलो. म्हटलं, काय गाढव असेल तो नवरा. बाई सरकारपुढे उभी राहून बोलते आहे आणि याला पत्ता नाही. अशा माणसाला तर मी एक पत्र लिहीन, म्हटलं. अमिताजी म्हणाल्या, "लिखिए, लिखिए. आगे पढ़िए."

पुढे अध्यक्षांनी विचारलं होतं, मग आज इथे आलात ते घरी काय सांगून आलात.

"कहा है, दाँत दिखाने जा रही हूँ."

मी पुढे वाचलं नाही. अमिताजी म्हणाल्या, "क्या हुआ? बल्ब गया क्या?"

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात पद्मजा दात दाखवायला गेली होती. संध्याकाळी मी विचारलं, काढला का. ती म्हणाली, राहू द्या म्हणाले. दुखत असेल म्हणून दोन दिवस मी घरात मऊ खिचडी करायला लावली. तिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून मीही तीच खाल्ली, भाजी न घेता. आयुष्यात बायकोसाठी मी काही केलं असेल तर ती खिचडी. तीसुद्धा तिनंच शिजवली होती, दुखत नसलेल्या दातानं, माझ्यासमोर बसून, एका बाजूनं चावत.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. माझ्या आईचं नाव इंदिरा. घरात एक इंदिरा असताना दुसरी इंदू चालणार नव्हती, सासूच्या नावानं सुनेला हाका कशा मारायच्या. मी तांदळात 'पद्मजा' लिहिलं. 'द्म' नीट जमला नव्हता, तेवढं आठवत होतं. त्याखाली तांदळात तिचं माहेरचं जे नाव पुसलं गेलं ते आठवलं नाही, चार वेळा यादीत डोळ्यांखालून गेलं तरी.

अमिताजींना मी एवढंच सांगितलं, "ये मेरी है." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्यावरचं नाव वाचलं. मग माझ्या बाजूला खुर्ची ओढली, वही घेतली आणि म्हणाल्या, आप बोलिए, मैं लिखती हूँ. शेवटी अध्यक्षांनी विचारलं होतं, आणखी काही सांगायचं आहे? साक्षी म्हणाली होती, "नहीं. चार बजे से पहले घर पहुँचना है."

चार वाजता मी फॅक्टरीतून येत असे. माझ्या चहासाठी.

आणि मग तिथेच, यंत्रापुढे, एक गोष्ट जुळली. ब्याण्णवच्या हिवाळ्यापासून आमच्या घरी चहाला उशीर व्हायला लागला होता. पंधरा मिनिटं, कधी वीस. मी त्यावरूनही बोललो होतो. थांबा बंद झाल्यावर लोक वेळेवर घरी पोहोचतात आणि घरात चहा नाही, असं म्हणालो होतो. थांबा बंद पाडल्याबद्दल मला कौतुक हवं होतं. ती म्हणाली होती, आता वय झालं, काम उरकत नाही. तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. पुढच्या दोन वर्षांत तिनं शिवण सोडलं. मी म्हटलं होतं, चला, शिकून झालं एकदाचं.

रत्नाकरला मी साक्ष जशीच्या तशी पाठवली. तासाभरात त्याचा फोन. "अरे रामराव, ही इंदुबाई कोण? मंडळात तर नाही. आणि हिंदीत काहून पाठवलं? वहिनींचं कुठे आहे?"

मी म्हटलं, हेच वहिनींचं आहे. वर फोटो तिचाच लाव.

"आणि यात तो नवऱ्याचा उल्लेख आहे, पहिले ना म्हणतात वगैरे, तो काढू का? बरं दिसत नाही तुझ्यासाठी."

"नाही," मी म्हटलं. मग थोडा वेळ ऐकलं आणि पुन्हा नाही म्हटलं. तो म्हणाला, दीडशेच्या वर जातात शब्द. मी म्हटलं, माझे अकरा काढून टाक.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो नाही. जायला कारण नव्हतं. फॅक्टरीच्या रस्त्यानं ई-रिक्शा केली. बस तर केव्हाच गेली, ती चालवणाऱ्या सरकारी महामंडळासकट. पुलिया आली तसं मी म्हटलं, "भैया, यहाँ रोकना."

"यहाँ कहाँ, अंकलजी? यहाँ तो कुछ है ही नहीं."

"स्टॉप है," मी म्हटलं.

त्यानं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि थांबवली. वाद घालण्यासारखा माणूस नाही, असं त्याला वाटलं असावं. मी उतरलो आणि भिंतीच्या कडेनं पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. एक किलोमीटर. हातात गाठोडं नव्हतं, सावली नव्हती, एका जागी नाली उघडी होती. सवयीनं मनात पत्र सुरू झालं, महोदय, सविनय निवेदन है. मधेच लक्षात आलं की हे असंच, याच रस्त्यावर, ती माझ्याबद्दल लिहू शकली असती. अकरा काय, अकराशे.

पुढच्या थांब्यावरून दुसरी ई-रिक्शा केली आणि घरी आलो. फ्रेम उतरवली. काढून टाकणार होतो, पण काचेवर दहा महिन्यांची धूळ होती आणि माझ्या हातून ओरखडा पडेल अशी भीती वाटली. आधी ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. पुन्हा जागेवर लावली. असू दे, समोर.

मग गॅसवर आधण ठेवलं. घड्याळ पाहिलं तर चार वाजून सतरा मिनिटं झाली होती. चहाला उशीर झाला होता. कोणी काही बोललं नाही.